एलपीआयच्या क्रमांकावरून संत्र्याची बाजारपेठ ठरवावी का?

ताई, तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, संत्रा परदेशी पाठवायचा आहे. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स परफॉर्मन्स इंडेक्समध्ये, म्हणजे मालवाहतुकीत कोणता देश किती सरस हे सांगणाऱ्या एलपीआयमध्ये, संयुक्त अरब अमिरात 7व्या, भारत 38व्या आणि बांगलादेश 88व्या क्रमांकावर पाहून तुम्ही विचारलंय, की बांगलादेश सोडून सरळ दुबई धरावी का. वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या बऱ्याच कास्तकारांच्या मनात हेच चाललं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुबईचा विचार जरूर करा, पण तो या क्रमांकावरून करू नका.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघा. 2023च्या अहवालात 139 देश आहेत. 115 देशांतल्या 652 व्यावसायिकांनी, म्हणजे मुख्यतः फॉरवर्डर (दुसऱ्यांचा माल परदेशी पोचवण्याची व्यवस्था करणारे) आणि एक्सप्रेस सेवावाल्यांनी, स्वतःचा देश सोडून ज्या देशांशी त्यांचा व्यवहार आहे त्यांना 1 ते 5 गुण दिले. गुण सहा गोष्टींना होते: कस्टम, पायाभूत सोयी, वाजवी दरात जहाज-विमानाची सोय होणं, सेवेचा दर्जा, माल कुठे आहे ते कळणं आणि माल वेळेवर पोचणं. म्हणजे हे जाणकारांचं मत आहे. मताला किंमत आहेच, पण सिंगापूर किंवा हॅम्बुर्गमधल्या फॉरवर्डरला भारत म्हटलं की न्हावाशेवा, मुंद्रा, चेन्नई ही मोठी बंदरं दिसतात. वरुडच्या पॅकहाउसपासून, म्हणजे फळं निवडून पेट्यांत भरतात तिथपासून, बंदराच्या गेटपर्यंत आपल्या मालाचं काय होतं, ते त्याला दिसत नाही. शिवाय मतं 2022च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये घेतली होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला 11 डिसेंबर 2022ला, आणि पूर्ण रस्ता जून 2025मध्ये. आपल्या भागातला सगळ्यात मोठा बदल त्या आकड्यात असणंच शक्य नाही.

क्रमांक किती हलतो तेही पाहा. भारत 2014ला 54वा, 2016ला 35वा, 2018ला 44वा, 2023ला 38वा. 2016नंतर दोन वर्षांत आपले रस्ते आणि बंदरं नऊ पायऱ्या घसरण्याइतकी बिघडली नव्हती. मधल्या देशांचे गुण इतके जवळजवळ आहेत की थोड्या फरकाने क्रमांक उड्या मारतो. 2023ला भारताचे गुण 3.4 आणि 43व्या व्हिएतनामचे 3.3. एवढ्या फरकावर कुठलाच धंद्याचा निर्णय घेऊ नये.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्याच अहवालात कंटेनर बंदरात प्रत्यक्षात किती दिवस अडकून राहतात, याची मोजणीही पहिल्यांदाच आली. 2022च्या मे ते ऑक्टोबरमध्ये भारतात सरासरी 3 दिवस, अमेरिकेत 7, जर्मनीत 10. आणि गुणांच्या यादीत जर्मनी 4.1 घेऊन तिसऱ्या जागी, भारत 38वा! त्या वर्षी युरोपातल्या बंदरांवर प्रचंड गर्दी होती हे खरं, तरी फॉरवर्डरचं मत आणि घड्याळ वेगवेगळं सांगू शकतात हे यातून स्पष्ट दिसतं. तुमच्या संत्र्याला घड्याळ लागू आहे. पातळ, सैल सालीचं हे फळ, प्रतवारी करून 6-7 अंशांवर ठेवलं तरी त्याचे दिवस मोजकेच.

आता बांगलादेश. त्याचे 2.6 गुण कमी आहेतच, आणि पेट्रापोल-बेनापोलच्या सीमानाक्यावर ट्रकच्या रांगा लागतात, माल उतरवून तिकडच्या गाडीत भरावा लागतो, हेही खरं. पण आपल्या संत्र्याचं तिथलं गणित बिघडवलं ते आयातशुल्काने. त्यांनी ते दरवर्षी चढवत नेलं आणि इकडे बागेतला भाव पडला. हे शुल्क एलपीआयमध्ये मोजलंच जात नाही. उद्या बांगलादेश 8वा आला तरी शुल्क तेवढंच राहिलं तर तुमच्या हाती काही लागणार नाही. तसाच अमिरात 7वी असल्याचा फायदा माल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरल्यानंतरचा. तिथे पोचेपर्यंतचा बराचसा धोका वरुड ते न्हावाशेवा या रस्त्यावर आहे आणि तो तुमच्या खात्यावर.

मी वर्ध्याकडून कापसाच्या गठाणी, सरकीची ढेप आणि फळं पाठवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. गठाण चार दिवस यार्डात पडली तर भाडं वाढतं, फळ पडलं तर माल जातो. म्हणून फॉरवर्डरला सरासरी दिवस विचारू नका, सगळ्यात जास्त किती लागले ते विचारा. रिकामा रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर नागपुरात मिळेल की न्हावाशेव्याहून आणावा लागेल, आणि आणला तर त्या फेरीचं भाडं कोणाच्या माथी? कट-ऑफ, म्हणजे बंदरात माल पोचवण्याची शेवटची वेळ, चुकून जहाज सुटलं तर पुढचं किती दिवसांनी, आणि तोवर रीफरला वीज लावण्याचा खर्च कोण देणार? ही उत्तरं फोनवर ऐकून सोडू नका, लेखी घ्या.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची, म्हणजे फळात कीड-रोग नसल्याच्या दाखल्याची, तपासणी कधी आणि कुठे होणार, हे तोडणीच्या आधीच ठरवून ठेवा. माल भरून झाल्यावर तारखेसाठी थांबावं लागलं तर समृद्धीवर वाचलेले तास तिथेच जातात. मृग बहार फेब्रुवारी-मार्चला उतरतो, म्हणजे हे सगळं डिसेंबरातच मार्गी लागायला हवं. पहिल्या खेपेला एकच कंटेनर पाठवा, आत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा, आणि पॅकहाउस, गेट, जहाज, जेबेल अली असा प्रत्येक टप्प्याचा वेळ वहीत लिहा.

दोन-तीन फॉरवर्डरची दरपत्रकं आली की इथे टाका. त्यात डिटेन्शन (कंटेनर बंदराबाहेर जास्त दिवस ठेवल्याचा आकार) आणि डेमरेज (बंदरात पडून राहिल्याचा आकार) लागण्याआधीचे मोफत दिवस किती धरलेत, ते मी बघून सांगतो.