६४ जीबीचा पेनड्राइव्ह ५९.६ जीबीच का दिसतो? मला फसवलं का?

भाऊ, परत करायला जिंतूरहून परभणीला चक्कर मारू नका. तुम्ही म्हणता, पेनड्राइव्हवर ६४ छापलंय आणि लॅपटॉप ५९.६ दाखवतो, घरी ४० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, पण डाउनलोड ५ च्या पुढं सरकत नाही. दोन्हीकडं चोरी झालेली नाही, माप बदललंय.

माझे आजोबा सेलूच्या मोंढ्यात कापूस घालायचे. निजामाच्या राज्यात आपल्याकडं हाली रुपया चालायचा, इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हालीला सहा कलदार. नाव दोघांचंही रुपयाच, म्हणून भाव ऐकला की आजोबा आधी विचारायचे, "हाली का कलदार?" जीबीचं तसंच आहे.

संगणकातली माहिती बाइटमध्ये मोजतात. पेनड्राइव्हवर छापलेला जीबी हजाराच्या पटीतला, म्हणजे १,००,००,००,००० बाइट. विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत, कारण मेमरी दोनाच्या घातात वाढते आणि दोनाचा दहावा घात १०२४. त्याचा जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. तुमच्या ६४ अब्ज बाइटना त्यानं भागा, ५९.६ येतात. पायरी चढेल तशी तफावत वाढते: केबीला २.४ टक्के, जीबीला ७.४, टीबीला जवळपास १०. म्हणून १ टीबीची हार्ड डिस्क ९३१ जीबी दिसते.

१९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगानं १०२४ च्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. विंडोज मात्र आकडा गिबीबाइटचा दाखवतं आणि पुढं लिहितं जीबी. मला याचा राग येतो, कारण त्यात पोरांचं नुकसान होतं.

मी विद्यार्थ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. एका भरतीची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, गंगाखेडची एक मुलगी शेजारी बसलेली. फोटोची मर्यादा ५० केबी, फाइल ४९.८ केबी, तरी साइट फोटो घेईना. पोरगी रडायला आली. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली, तर तिथं "४९.८ केबी (५१,०२० बाइट्स)". साइट ५०,००० बाइटला ५० केबी धरत होती! फोटो ४५ केबीवर आणला आणि पहिल्या झटक्यात गेला. तेव्हापासून मी कंसातले बाइटच बघतो. तुम्हीही तेच बघा, त्या आकड्यात हाली-कलदार नाही.

आता इंटरनेटचं. तिथं भानगड वेगळी आहे आणि मराठीत लिहिताना ती पार लपते. इंग्रजीत छोटा बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. आपण दोन्ही "एमबी"च लिहितो. ८ बिटांचा १ बाइट. कनेक्शनचा वेग सेकंदाला किती मेगाबिट असा सांगतात, एमबीपीएस म्हणतात तो हाच; डाउनलोडची खिडकी बहुतेक वेळा मेगाबाइट दाखवते. ४० भागिले ८, झाले ५. म्हणजे तुम्हाला वेग पुरेपूर मिळतोय. १ जीबीच्या फाइलला साधारण साडेतीन मिनिटं लागतील.

पेनड्राइव्हची एक खात्री मात्र आजच करा. ५९.६ पेक्षा थोडं कमी दिसलं तरी चालतं, काही जागा आतल्या कामाला जाते. पण २९.८ दिसले असते तर तो ३२ चा निघाला असता. काही नकली ड्राइव्ह तर स्क्रीनवर पूर्ण जागा दाखवतात आणि आत मेमरी कमीच असते. म्हणून मोठ्या व्हिडिओ फाइल टाकून तो काठोकाठ भरा, काढून परत लावा आणि शेवटी टाकलेल्या फाइल उघडून बघा. उघडल्या नाहीत, तर पावती घेऊन सरळ परभणी गाठा.