हातांचा कोरडेपणा नेमका कुठून सुरू झाला?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे असून मी यावल तालुक्यातील एका खेड्यात राहते. गेल्या दोन वर्षांपासून माझे हात इतके कोरडे आणि सुरकुतलेले दिसतात की, ते माझ्या सासूबाईंच्या हातांपेक्षाही म्हातारे वाटतात. धुणीभांडी बोअरच्या पाण्याने होतात, दुपारी केळीच्या बागेत काम असते आणि चिकाचे काळे डाग जावेत म्हणून मी हातांना धुण्याची पावडर चोळते. थंडीत बोटांना भेगा पडतात आणि कळण्याच्या भाकरीचे पीठ मळताना हात चरचरतात. मेडिकलमधून आणलेल्या एका ट्यूबने सुरुवातीला बरे वाटले, पण आता तिचाही उपयोग होत नाही. कोणी म्हणते पाणी कमी पिता, कोणी म्हणते जीवनसत्त्वे कमी आहेत. खरे कारण काय असू शकेल?

उत्तर : ताई, आपण कामाचा सगळा दिनक्रम लिहिला हे फार चांगले केले, कारण हातांच्या बाबतीत निम्मे निदान त्यातच असते. आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. कोरडेपणा हा त्वचेच्या सर्वांत वरच्या, कागदाहून पातळ थराचा प्रश्न आहे. त्या थरातील स्निग्ध द्रव्ये धुऊन गेली की आतले पाणी उडून जाते आणि कातडीवर बारीक चुण्या पडतात. खऱ्या सुरकुत्या मात्र त्याखालच्या थरातील कोलॅजेनचे तंतू विरळ झाल्याने पडतात. रात्री हात ओलसर असतानाच त्यांना खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि सकाळी पाहा. ज्या रेषा पुसट झाल्या त्या कोरडेपणाच्या, ज्या तशाच राहिल्या त्या वयाच्या किंवा उन्हाच्या. ऊन किती लागले हे जाणून घ्यायचे असेल, तर हाताच्या मागच्या बाजूची त्वचा दंडाच्या आतल्या, कायम झाकलेल्या त्वचेशी ताडून पाहा. दोन्हींचे वय एकच असते, म्हणून जो फरक दिसेल त्यातला बराचसा उन्हाचा असतो. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या उन्हात उघड्या हातांनी वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईच्या हातांवर चाळिशीतच सुरकुत्या दिसल्या, तर त्यात नवल नाही.

आता कोरडेपणाकडे वळू, कारण आपला मुख्य त्रास तोच दिसतो. तळहातावर तैलग्रंथी मुळीच नसतात आणि हाताच्या मागच्या बाजूस त्या थोड्याच असतात, त्यामुळे गेलेली स्निग्धता हातांना लवकर भरून काढता येत नाही. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर साबण आणि धुण्याची पावडर अल्कधर्मी असते. कपड्यावरचा तेलाचा डाग काढण्यासाठी बनवलेली पावडर हातावरचे तेलही तितक्याच निष्ठुरपणे काढते. त्यात बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त लागतो आणि त्याचा चिकट साका त्वचेवर राहतो. चिकाचे डाग दिसायला वाईट असले तरी ते काही दिवसांत आपोआप फिके होतात. त्यांच्यावर पावडर चोळणे मात्र आजपासून थांबवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. घरोघरी पापड आणि बिबड्यांची कामे निघतात तेव्हाही हातांची तक्रार वाढल्याचे अनेकजणी सांगतात. पापडखार अल्कधर्मी असतो आणि भेगा पडलेल्या हातांना तिखट-मीठही झोंबते, हे त्यामागे असते.

कोरडेपणा कुठून सुरू झाला, हे आठवून पाहा. अंगठीखालून किंवा बोटांच्या बेचक्यांतून सुरू झाला असेल, तर तिथे अडकून राहणारा साबण हे बहुधा कारण असते. दोन्ही पाय आणि एकच हात कोरडा, पांढरट दिसत असेल तर बुरशीचा संसर्ग तपासावा लागतो. लहानपणापासून दमा किंवा खाजेचा त्रास असेल तर त्वचा मुळातच कोरड्या प्रकृतीची असू शकते. एखादा भाग कोरडा असून तिथे घाम येत नाही आणि स्पर्शही कळत नाही, असे असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायलाच हवी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात आणि वेळेवर घेतले तर व्यंग टळते.

त्या ट्यूबबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. औषधाच्या दुकानातून परस्पर मिळणाऱ्या अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज आणि लाली झटपट कमी होते, पण महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होऊन चुरगळलेल्या कागदासारखी दिसू लागते आणि बुरशी असल्यास ती आतल्या आत पसरते. आपल्या सुरकुत्यांना या मलमाचाही हातभार लागलेला असू शकतो.

पाणी कमी पडल्याने त्वचा मलूल होते हे खरे. जुलाब किंवा उन्हाच्या तडाख्यानंतर तसे घडते. परंतु पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी चार तांबे प्यायल्याने हात मऊ होत नाहीत. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही तपासणीवाचून घेऊ नयेत. त्याऐवजी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, केस गळणे किंवा पाळी अनियमित होणे यांपैकी काही जोडीला असेल, तर ती टाळूच नये. रक्तातील साखरही त्याच वेळी पाहून घ्यावी, कारण मधुमेहातही त्वचा कोरडी पडते.

तूर्त हात कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा, फडक्याने टिपा आणि ओल पूर्ण जाण्याआधी जेली लावा. हे दिवसातून एकदा करून भागत नाही, प्रत्येक धुण्यानंतर करावे लागते. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि त्यांच्या आत सुती मोजे घाला. नुसत्या रबरात घाम साचून त्रास वाढतो. बागेत लांब बाह्यांचा सुती सदरा घाला. युरिया असलेले मलम कोरड्या त्वचेला उपयोगी असले तरी भेगांवर झोंबते, म्हणून भेगा भरल्यावरच ते वापरावे. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. तोपर्यंत उतार पडला नाही, किंवा त्याआधीच भेगांतून रक्त वा पू आला, पाणी भरलेले फोड उठले किंवा नखांचा आकार बिघडला, तर जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवा आणि जाताना ती ट्यूब सोबत न्यायला विसरू नका.