डोंगरात हिमनदी असताना खालच्या गावांना दुष्काळाची झळ कशी काय बसते?

तुमचं म्हणणं असं की वर हिमनदी असेल तर पाऊस नाही पडला तरी बर्फ वितळून पाणी येणारच, मग दुष्काळाचं टेन्शन कशाला. अर्धं बरोबर आहे. कोरड्या कडक उन्हाळ्यात हिमनदीतून उलट जास्तच पाणी येतं, पण ते या वर्षीचं नसतं हो, कितीतरी वर्षांपूर्वी पडून थरावर थर दाबत गेलेला बर्फ असतो तो, म्हणजे मुद्दलच खातोय आपण.

आणि हिवाळ्यात बर्फ कमी पडला की दुहेरी मार बसतो, मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला. ताजा भुसभुशीत बर्फ अंगावर पडलेलं ८०-९० टक्के ऊन परत फेकतो. तो थर लवकर गेला की खालचा जुना बर्फ उघडा पडतो, राखाडी, धूळमाती बसलेला, तो निम्म्याहून जास्त ऊन पिऊन घेतो नि भराभर वितळतो. भरही पडली नाही आणि झीजही वाढली. २०२२ ला स्वित्झर्लंडमध्ये हेच झालं, हिवाळा कोरडा, त्यात सहाराची धूळ येऊन बसली, वर उन्हाळा तापला, तिथल्या हिमनद्यांचा साधारण ६ टक्के बर्फ गेला. एका वर्षात!

फसवं काय असतं तर तापमान वाढताना आधी काही वर्षं नदीचं पाणी वाढतं, लोक कालवे काढतात, शेती वाढवतात, मग हिमनदीच लहान झाल्यावर ते कमी व्हायला लागतं. पेरूत सान्ता नदीच्या वरच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी ही वेळ येऊन गेलीय. चिलीत २०१० पासून लांबलेल्या दुष्काळात मायपो नदीला उन्हाळ्यात हिमनद्यांनीच तगवलं, पण असाच दुष्काळ अजून तीस-चाळीस वर्षांनी आला तर वर तेवढा बर्फ असणारे का, मला खरंच याची काळजी वाटते.

लडाखचं दुखणं अजून वेगळं. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिमी पाऊस, पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनद्या इतक्या उंचावर की त्यांचं पाणी जूनमध्ये खाली येतं. मधले ते आठवडे खालच्या उतारांवरच्या हिवाळी बर्फावर निघतात, तो कमी पडला की पेरणीच अडते. म्हणून लडाखचेच अभियंते चेवांग नॉरफेल यांनी गावांच्या जवळ, खालच्या उंचीवर पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली, पुढे सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप आले, म्हणजे हिवाळ्यात पाणी गोठवून उभे केलेले उंच ढीग, शंकूच्या आकारामुळे ऊन कमी लागतं नि ते वसंतापर्यंत टिकतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. फक्त ते गोठवायलासुद्धा हिवाळ्यात ओढ्याला पाणी वाहतं असावं लागतं.