तुमचे प्रश्न: प्रशियन बंदूक घ्यावी का?

प्रश्न: म्हापशात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात बंदूक बघितली, मालक म्हणतो प्रशियाची (जर्मनीतलं जुनं राज्य) ड्रायझे नीडल गन, १८६६च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या लढाईतली. ओळखायची कशी? आणि घरी ठेवली तर चालेल का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: आधी बोल्ट, म्हणजे नळीच्या मागचा मागे-पुढे सरकणारा दांडा, उघडून बघा. ड्रायझेत लांब, बारीक सुई असते, ती कागदी काडतुसातून आरपार जाऊन गोळीच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या स्फोटक टोपीवर आदळते, म्हणूनच हे नाव, आणि ही सुई तापून-गंजून मोडायची त्यामुळे आज बऱ्याच बंदुकांत ती मूळची नसतेच. डाव्या बाजूला गॉथिक अक्षरांत ‘आय. जी. मॉड. ७१’ (I.G.Mod.71) कोरलेलं दिसलं तर ती ड्रायझे नाहीच, १८७१ची माउझर ही जर्मन बंदूक आहे, ११ मिलिमीटरची, तीही सुंदरच असते हां! पॉलिश मारून शिक्के घासलेले असतील तर मी तरी घेणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र कायदा १९५९च्या कलम ४५मधली सूट, दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला आहे, म्हणून पैसे द्यायच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. आणि सोबत चामड्याचा पट्टा, काडतूसपेटी मिळाली तर आपल्या पावसाळ्यात प्लास्टिकात अजिबात गुंडाळू नका, बुरशी धरते, सुती कापडात ठेवा.