फोन चालतोय, पण बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. नवा घ्यावा का? आणि जुना भंगारात दिला तर चालेल?

नवा घेऊ नका, बॅटरी बदला. ठाण्यात नौपाड्यात माझं मोबाइल रिपेअरिंगचं काम आहे, म्हणून कळकळीने सांगतो. फोन रोज चार्ज करायला वीज फार थोडी लागते. त्याच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा सर्वात मोठा वाटा, साधारण 80 टक्के, तो बनतानाच होऊन गेलेला असतो. बॅटरीतला कोबाल्ट हा धातू बहुतेक आफ्रिकेतल्या काँगोच्या खाणींतून येतो, आणि तिथे लहान मुलंही खणतात. म्हणून तोच फोन आणखी दोन वर्षं वापरलात, तर त्याहून मोठी बचत दुसरी नाही.

भंगारात तर देऊच नका. गेल्या आठवड्यात एका काकूंनी ड्रॉवरमधला जुना फोन आणला. बॅटरी पापडासारखी फुगून मागचं कव्हर उचललं गेलं होतं. असली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. भंगारात बोर्डावरचं रत्तीभर सोनं काढायला तो ॲसिडमध्ये बुडवतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, आणि तो धूर तिथे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. 2022 मध्ये जगभरात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम 22 टक्के रीतसर गोळा झाला.

फोन अगदीच गेला असेल, तर डेटा पुसा, सिम काढा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, आधी दुकानात आणा.