मीच मागितलेल्या घटस्फोटाचे मला दुःख का व्हावे?

प्रश्न : माझे वय ३८. ११ वर्षांच्या संसारानंतर आम्ही परस्परसंमतीने विभक्त झालो. पुढाकार माझाच होता. आठ महिन्यांपासून नऊ वर्षांच्या मुलासह नाशिकला माहेरी राहते, नोकरी करते. सुटल्यासारखे वाटते, तरी रात्री रडू येते. हळदीकुंकवाला आई मला आतल्या खोलीत बसायला सांगते आणि दादाने स्थळे पाहायला सुरुवात केली आहे. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : नाही. संसार नकोसा झाला होता, तरी त्यात घातलेली वर्षे तुमचीच होती, त्यामुळे सुटका आणि दुःख एकाच वेळी वाटणे स्वाभाविक आहे. घरात कोणी गेले तर तेराव्यापर्यंत माणसे येऊन बसतात. घटस्फोटानंतर येतात ते बहुधा कारणे विचारायला, आणि म्हणून रडायला रात्रच उरते. एखाद्या जवळच्या मैत्रिणीला, सल्ला न देता नुसते ऐकून घे, असे स्पष्ट सांगून बोलावा.

आईंशी वाद घालू नका, पण आतल्या खोलीतही जाऊ नका. बायकांना वाण तुम्ही स्वतःच्या हाताने द्या. आईंना धाक आहे तो चारचौघींच्या बोलण्याचा, आणि तुम्ही समोर वावरलात की तो हळूहळू कमी होईल.

मन स्थिर होण्याची वाट न पाहता कागदपत्रांची कामे मात्र आताच उरका. बँक व विम्यात नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) म्हणून लावलेले नाव घटस्फोटाने आपोआप बदलत नाही, ते अर्ज करून बदलावे लागते. आडनाव कोणते लावावे याची कायद्याने सक्ती नाही. स्त्रीधनावर हक्क तुमचाच असतो, मात्र संमतीच्या अटींत त्याविषयी काय लिहून दिले आहे ते वकिलांकडून एकदा पाहून घ्या.

मुलगा वडिलांकडून परतला की दारातच ‘तिथे कोण होते, काय म्हणाले’ अशी उलटतपासणी नको. त्याला जेवू घाला. सांगायचे असेल ते तो आपणहून सांगेल.

दादांचा हेतू चांगला आहे, घाई चुकीची आहे. विषय तुम्ही काढाल तेव्हाच निघेल, असे त्यांना एकदा निक्षून सांगा. झोप आणि भूक काही आठवडे ताळ्यावर आली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेशी १४४१६ या क्रमांकावर रात्रीही विनामूल्य बोलता येते.