जर्मनीतल्या ‘मोली’ या वारसा रेल्वेने जुने इंजिन विकत घेण्याऐवजी 2009 मध्ये नवे वाफेचे इंजिन का बांधून घेतले?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. ज्या रेल्वेचे कौतुकच तिच्या जुनेपणासाठी होते तिने कोरे करकरीत इंजिन का बांधून घ्यावे, हा पहिला. आणि इंजिन कमी पडत होते तर कुठून तरी जुनेच का आणले नाही, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: त्या मापाचे चालू स्थितीतले जुने इंजिन बाजारात मिळण्यासारखेच नव्हते. पहिल्याला थोडा विस्तार लागेल. माझी सारी नोकरी कारखान्यांतल्या बॉयलरांच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर मी या गाडीने दोनदा प्रवास केला, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे.

ज्यांना मोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाल्टिक समुद्राच्या काठी बाड डोबेरान ते हायलिगेनडाम ही रेल्वे 1886 मध्ये सुरू झाली आणि 1910 मध्ये ती आजच्या क्यूलुंग्सबोर्नपर्यंत वाढवली गेली. एकूण लांबी 15.4 किलोमीटर. हायलिगेनडाम हे 1793 मध्ये वसवलेले जर्मनीतले पहिले समुद्रस्नानाचे ठिकाण असल्यामुळे ही गाडी जन्मापासूनच पर्यटकांची आहे. पण ती नुसती हौसेची फेरी नाही, तर वेळापत्रकाप्रमाणे बाराही महिने धावणारी गाडी आहे. या एका गोष्टीवरच पुढचे सगळे गणित उभे आहे.

उन्हाळ्यात गाडी साधारण दर तासाला सुटते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि टोकाला पोहोचल्यावर इंजिन सोडून, गाडीला वळसा घालून पुन्हा पुढे जोडावे लागते. म्हणजे दोन गाड्या आणि दोन इंजिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडकलेली. या मार्गाचा खरा भार वाहणारी इंजिने मात्र 2009 पर्यंत तीनच होती: ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या कंपनीने 1932 मध्ये खास याच मार्गासाठी बांधलेली 99 2321, 99 2322 आणि 99 2323. त्यांतले एक मोठ्या दुरुस्तीसाठी गेले की हाताशी त्याच तोडीचे राखीव इंजिन एकही उरत नाही, आणि भर हंगामात उरलेल्या दोनांपैकी एखाद्याची साधी बेअरिंग गरम झाली तरी वेळापत्रक कोलमडते. (आपल्या माथेरानच्या गाडीची सुरुवातीची वाफेची इंजिनेही याच ऑरेन्स्टाइन अँड कोपेलची होती, त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते.)

मोठी दुरुस्ती म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. इंजिनाची चाके, दांडे, सिलिंडर हे सगळे झिजते, पण ते झिजताना दिसते. बॉयलर आतून झिजतो. आत पाण्याचा क्षार धरतो, बाहेरून आगीचा मारा असतो, आणि रोज तापणे-निवणे चालू राहिल्याने पत्रा सतत प्रसरण-आकुंचन पावत असतो. फायरबॉक्सच्या, म्हणजे इंजिनाच्या भट्टीच्या, आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो स्टे, म्हणजे छोटे दांडे, असतात. तपासणी करणारा माणूस आत वाकून बसतो आणि हातोडीने एकेक स्टे ठोकत जातो. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो, आणि तो बद्द आवाज एकदा ऐकला की जन्मभर विसरत नाही. असे स्टे किती आणि कुठे आहेत, यावर बॉयलर चालू ठेवायचा की उतरवायचा हे ठरते. आपल्याकडे कारखान्यातल्या बॉयलरचा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेंवर वार्षिक तपासणीखेरीज साधारण दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून, नळ्या काढून पूर्ण तपासतात. जर्मनीतही ठरावीक मुदतीने अशी सर्वांगीण दुरुस्ती करावीच लागते. शिवाय समुद्राचा खारा वारा. आपल्या कोकणात खिडकीच्या गजांचे काय होते ते आपण पाहतोच.

आता विकत घेण्याबद्दल. मोलीच्या रुळांमधले अंतर 900 मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या मीटर गेजपेक्षा दहा सेंटीमीटर कमी. या मापाचे रूळ जर्मनीत मुख्यतः लिग्नाइट कोळशाच्या उघड्या खाणींत होते, आणि तिथली इंजिने बहुतेक विजेची. बोर्कुम बेटावरची छोटी रेल्वेही 900 मिलिमीटरचीच आहे, पण तिचा संसार आधीच लहान. पूर्वी एकदा मोलीला असा बाहेरून आधार मिळाला होता: 1951 च्या सुमारास विस्मुट या युरेनियम खाण उद्योगासाठी बांधलेली काही इंजिने पुढे इथे आली. ती दणकट आहेत, पण 1932 च्या इंजिनांपेक्षा हळू असल्यामुळे राखीव म्हणूनच जास्त उपयोगी पडली. याउलट, इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर 1927 मध्ये सुरू झालेल्या रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च रेल्वेचे गेज अवघे 15 इंचांचे, तरीही तिला 1976 मध्ये जर्मनीतून क्रुप कंपनीचे 1937 चे इंजिन विकत घेता आले, कारण प्रदर्शनांसाठी त्याच मापाची इंजिने बांधली गेली होती. तेच आज ‘ब्लॅक प्रिन्स’ या नावाने धावते. मोलीला तशी सोय नव्हती.

म्हणून नवे बांधणे हाच मार्ग उरला, आणि तो शक्य झाला तो थुरिंगिया प्रांतातल्या मायनिंगेनच्या कार्यशाळेमुळे. जर्मन रेल्वेच्या मालकीची ही कार्यशाळा 1914 पासून चालू आहे आणि बॉयलर नव्याने घडवण्याची विद्या तिथे कधी खंडित झाली नाही. ब्रिटनमध्ये 2008 मध्ये पूर्ण झालेल्या ‘टॉर्नेडो’ या नव्या इंजिनाचा बॉयलरसुद्धा मायनिंगेनचाच. अशी उदाहरणे आपल्याकडेही आहेत: निलगिरीच्या रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कार्यशाळेने वाफेची इंजिने नव्याने बांधली.

राहिला प्रश्न वारशाचा. माझे मत स्पष्ट आहे. 1932 च्या तीन इंजिनांना अखंड जुंपून संपवण्यापेक्षा त्यांच्याच घडणीचे चौथे इंजिन आणून प्रत्येकाला पुरेशी विश्रांती देणे हेच खरे जतन आहे. आणि मोलीने या नव्या इंजिनाला वेगळे, मिरवायचे नाव दिले नाही. त्याच्या पाटीवर 99 2324 असा आकडा आहे. 99 2323 नंतर पुढचा क्रमांक लागायला 77 वर्षे गेली, एवढेच.

बाड डोबेरानमध्ये ही गाडी दुकानांच्या रांगांमधून, फरसबंदी रस्त्यावरून घंटा वाजवत जाते. मी पहिल्या भेटीत तिथल्या एका बेकरीसमोर उभा होतो. लोक दोन पावले मागे सरले, इंजिन हाताच्या अंतरावरून गेले, आणि गरम तेलाचा व कोळशाचा तो वास माझ्या अंगरख्याला रात्रीपर्यंत होता. ते नवे इंजिन होते की जुने, हे मला पाटी वाचल्याशिवाय सांगता आले नसते.

आपण कधी तिकडे गेलात तर हायलिगेनडामला उतरून थोडे थांबा. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या गाड्या तिथेच एकमेकींना वाट देतात, आणि नशीब असेल तर 1932 चे इंजिन आणि 99 2324 शेजारी शेजारी उभे पाहायला मिळेल.